बांचा ओव्हरऑल

लेस्टर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. इतके महिने पत्र नाही, त्याबद्दलच्या शिव्या भेटीत घाल. गुडघा आहे तसाच आहे, बाकी प्रकृती ठीक.

इथल्या भारतीय मंडळींच्या सभागृहात ज्येष्ठांची व्यक्तिचित्रे लावायची ठरली असून ते काम माझ्याकडे आले आहे. आपली माणसे इथल्या भिंतींवर दिसावीत, हा हेतू मला मनापासून पटला. पहिल्या बसल्या त्या गुजराती बा. १९७२ साली युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने तिथल्या भारतीयांना हाकलल्यावर त्या कंपालाहून इथे आल्या आणि मोज्यांच्या कारखान्यात मशीनवर बसून त्यांनी संसार उभा केला. त्यांना कारखान्यातला निळा ओव्हरऑल घालूनच चित्र हवे आहे. समितीला मात्र बांधणी, ठसठशीत कुंकू आणि मागे देवघर हवे, म्हणजे पाहणाऱ्याला बाई लगेच भारतीय वाटेल! (समितीचे अध्यक्ष स्वतः बैठकीला टाय लावून येतात.)

मला व्हिक्टोरिया राणीच्या ऑस्बोर्न हाऊस या वाड्यातली, ऑस्ट्रियन चित्रकार रुडॉल्फ स्वोबोडाची चित्रे आठवली. १८८६च्या लंडनच्या प्रदर्शनात आग्र्याच्या तुरुंगात कला शिकलेले कारागीर आणून बसवले होते आणि व्हिक्टोरिया राणीने त्यांच्यापैकी काहींची चित्रे त्याच्याकडून काढून घेतली. त्यांत बक्षीराम कुंभार आहे, ज्याचे वय १०२ सांगितले जाई. चेहरे विलक्षण आस्थेने रंगवले आहेत, पण ही माणसे तुरुंगातून आली होती याची खूण चित्रांत सापडत नाही. बांचा कारखाना पुसून समिती माझ्याकडून नेमके तेच करवू पाहते आहे.

बालगंधर्व रंगमंदिरातल्या देऊसकरांच्या दोन चित्रांवरून आपण भांडलो होतो, तेव्हा तू स्त्रीभूमिकेतल्या बालगंधर्वांची बाजू घेतली होतीस आणि मी पुरुषवेशातल्या. शालूपुढे गर्दी जमते म्हणून तेच चित्र खरे, हा तुझा युक्तिवाद मला आजही मान्य नाही. तरी समितीपुढे तू माझ्यापेक्षा बरा भांडला असतास, हे कबूल.

बांच्या उजव्या तर्जनीच्या पेरावर मशीनची सुई आरपार गेल्याचा पांढरा व्रण आहे. बसताना त्या तोच हात वर ठेवतात आणि मी सरकवायला सांगितला तरी हलवत नाहीत, म्हणून आधी तो हातच पुरा केला. आता कपडे कोणतेही ठरोत, हात बदलणार नाही.

चिन्मयीच्या नोकरीचे कळले, आनंद झाला. वहिनींचे डोळ्याचे ऑपरेशन झाले का?

दोन्ही कच्ची रेखाटने सोबत धाडतो आहे. समितीची बैठक रविवारी आहे. त्याआधी फोन कर.

तुझा,
अविनाश