कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गाड्यांच्या वायरिंगवाल्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

तुमच्याकडून गाडी नेल्यावर करूळ घाट भर पावसात उतरले आणि समोरची काच थेट वैभववाडीपर्यंत स्वच्छ राहिली. त्याच रात्री तुम्हाला फोन लावला होता, पण "काका, ब्लोअर चालला" एवढं बोलले आणि पुढे आवाजच फुटेना. म्हणून हे पत्र. उघडपणे लिहितेय, कारण तुम्ही जे केलंत ते चारचौघांत सांगायलाच हवं.

घाटाखालच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको, बाकीच्यांसाठी लिहिते. माझ्या बाबांना डायलिसिससाठी कोल्हापूरला न्यावं लागतं. परतायला संध्याकाळ होते, गगनबावड्याला धुकं आडवं येतं, आणि डायलिसिसनंतर बाबांना इतकी थंडी वाजते की एसी लावायचा विषयच नाही. काचा बंद, आत ओल्या छत्र्या, ओले कपडे, माणसांचे श्वास. बाहेर पावसाने गार पडलेली काच. बघता बघता आतून दव धरतं. मग हीटर लावून ब्लोअरची गरम हवा काचेवर सोडायची, हाच काय तो इलाज. आमची गाडी २००१ सालची. हीटर अजून छान तापतो, पण ती हवा काचेवर ढकलणारा ब्लोअर नेमका घाटात मान टाकायचा. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात फडकं, बाजूला दरी. मागून बाबा विचारायचे, "दिसतंय ना गं?" मी "हो" म्हणायचे.

तुमच्याआधी ज्यांनी गाडी पाहिली त्यांची नावं घेत नाही, पण राग अजून गेलेला नाही. एकाने मोटर गेली म्हणून नवी बसवली. दुसऱ्याने ब्लोअरचा वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टन्स बदलला. तिसऱ्याने तर उडालेला नसतानाही २० अँपिअरचा फ्यूज काढून ३० चा घातला आणि वर "आता बघायला नको" असं सांगितलं. फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो, हे ज्याच्या हातात पक्कड आहे त्याला ठाऊक नसावं? बाबा मागच्या सीटवर असतात त्या गाडीत? प्रत्येकाने गॅरेजात, कोरड्या जागी, ब्लोअर सुरू करून दाखवला, बिल केलं. घाटात बंद पडतो म्हटलं की माझ्याकडे न बघता भावाला सांगायचे, "मॅडमना बटण नीट फिरवायला सांगा."

आणि तुम्ही? बॉनेट उघडायच्या आधी तुम्ही विचारलंत, "गाडी कोण चालवतंय?" भावाने माझ्याकडे बोट दाखवलं. तसे तुम्ही माझ्याकडे वळलात आणि म्हणालात, "मग ताई, तुम्हीच सांगा. कवा बंद पडतंय? त्या टायमाला आणि काय काय चालू असतंय?"

काका, हा प्रश्न तोवर कुणीच विचारला नव्हता. मी सांगितलं, पाऊस वाढला की मंदावतो. सगळ्याच स्पीडला. आणि वायपरही रेंगाळतो. तुम्ही मान डोलावलीत, डाव्या बाजूची मॅट उचललीत आणि खालच्या कार्पेटवर हात दाबलात. हाताला पाणी लागलं. तिथेच तुम्हाला कळलं असणार. तरी तुम्ही तेवढ्यावर सोडलं नाहीत. पोराला पाण्याचा मग आणायला लावलात, वायपरने काच ओरखडू नये म्हणून काचेवर पाणी ओतलंत, इंजिन चालू, ब्लोअर चालू. मीटरची काळी पिन लांब वायर जोडून बॅटरीच्या निगेटिव्हवर लावलीत आणि लाल पिन माझ्या हातात दिलीत. "ताई, ही ब्लोअरच्या अर्थच्या वायरीला धरा." अर्थ म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जायची वाट; मीटरचा आकडा जितका मोठा, तितकी ती वाट अडलेली.

माझ्या डोळ्यांसमोर आकडा दीड व्होल्टच्या आसपास थांबला. मग तुम्ही वायपर टाकलात आणि तोच आकडा चारच्या वर गेला. "चांगल्या अर्थला हा ०.२ च्या आत पायजे," तुम्ही म्हणालात.

मी शाळेत नववीला धाराविद्युत शिकवते. तुम्ही विचारलं नव्हतंत, मीही सांगितलं नव्हतं. पण त्या क्षणी मनात हिशेब मांडला गेला: दहा अँपिअर धरले तर एका गंजलेल्या बोल्टवर ४० वॅटची उष्णता, तीही कार्पेटखाली. वायपर आणि ब्लोअर दोघांचा अर्थ त्या एकाच बोल्टवर आणि त्याच कोपऱ्यात पाणी झिरपत होतं. तुम्ही तेच सोप्या शब्दांत सांगितलंत: मोरी तुंबली असेल तर एका नळाचं पाणी कसंबसं जातं, दुसरा सोडला की तुंबतं. पुढच्या वर्षी वर्गात तुमचंच उदाहरण देणार आहे. आधीच्या लोकांनी कपलर, म्हणजे वायरींचा जोड, सोडवून मीटर लावला होता, म्हणून त्यांना हे दिसलं नाही. करंट वाहतच नसेल तर गंजलेला जोडही पूर्ण बारा व्होल्ट दाखवणार.

पुढचं काम थोडं होतं. बोल्ट काढून पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासलात, वायरीच्या टोकाला नवं थिंबल बसवलंत, ग्रीस लावलंत, पाणी कुठून येतं ते शोधून ती वाट बंद केलीत आणि कुणी न सांगता २० चा फ्यूज परत लावलात. मजुरी रीतसर घेतलीत. तुमच्या विद्येचे पैसे तुम्ही पूर्ण घेतलेत याचा मला आनंद आहे.

पण मला राहून राहून आठवते ती लाल पिन. ती भावाच्या हातात देता आली असती, तुमचा पोरगाही होता शेजारी. घाटात जिला गाडी न्यायची तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघावं असं तुम्हाला वाटलं. दवाखान्यात, बँकेत, तालुक्याच्या कचेरीत, जिथे जाईन तिथे हेच शोधत असते मी. ज्याला त्रास होतो त्यालाच आधी विचारणारं माणूस. बाबांच्या डायलिसिसला एक सिस्टर आहेत तशा. सुई लावण्याआधी विचारतात, "काका, मागच्या वेळी कुठे दुखलं?" अशी माणसं कुठल्या शाळेत घडतात कोण जाणे, पण ती असतात म्हणून आमच्यासारख्यांचे दिवस निभतात.

बाबांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय. येत्या खेपेला दुपारी तुमच्याकडे येऊन जाईन. पहिल्या गॅरेजवाल्याने काढून दिलेली जुनी मोटर डिकीत आहे. तुम्ही ती बॅटरीवर लावून फिरवून दाखवलीत आणि "टाकू नका, चांगली हाय" म्हणालात. ती तुमच्याकडेच ठेवून जाते. कुणाच्या जुन्या गाडीला लागली तर बसवा, आणि त्याचे पैसे घेऊ नका.

आपली,
वैभववाडीहून येणारी शिक्षिका