सबटायटल्स मराठीत का नाहीत?

संपादक महोदय,

स्थलांतरितांच्या सिनेमावरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. पायल कपाडियांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला २०२४ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात ग्रां प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार मिळाल्याचं कौतुक त्यात आहे, ते रास्तच. तीस वर्षांनी भारतीय चित्रपट तिथल्या मुख्य स्पर्धेत उतरला होता. पण तो ज्यांच्याबद्दल आहे त्यांना कळला का, हे कुणी विचारलेलं दिसत नाही.

मी तो आईबरोबर पाहिला. आई ८१ वर्षांची, गाव संगमेश्वर तालुक्यात. वडील लालबागला गिरणीत होते, गावकरी मंडळाच्या खोलीत राहायचे, शिमग्याला आणि गणपतीला घरी यायचे. एरवी मनीऑर्डर. कुपनावर दोन ओळी लिहिण्यापुरती जागा असे. आईला तेव्हा अक्षरओळख नव्हती, पोस्टमन ओटीवर बसून वाचून दाखवायचा. (वडिलांनी गोड असं काही कधी लिहिलं नाही. लिहिणार कसं?) पुढे साक्षरतेच्या रात्रवर्गात ती वाचायला शिकली आणि ट्रंकेतली कुपनं काढून बसली. एकावर 'महिनाभर खाटेवर होतो, आता बरा' असं होतं. पोस्टमनने ते वाचलंच नव्हतं. वडील १९८२ च्या संपानंतर गावी परतले होते, समोरच बसले होते. ती त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही, कशासाठी ते मला आजही नीट कळलेलं नाही.

चित्रपट डोंबिवलीला भावाकडे गेलो असताना पाहिला, सकाळचा एकच खेळ होता. त्यातली प्रभा ही मुंबईत नर्स असलेली मल्याळी बाई, नवरा जर्मनीत, फोन बंद झालेला. एक दिवस पार्सल येतं. लाल राइस कुकर, पाठवणाऱ्याचं नाव नाही. रात्री ती तो कुकर पोटाशी कवटाळते. तिथे एकही शब्द नाही, मला काही सांगावं लागलं नाही. आई एवढंच म्हणाली, "चिठी नाय धाडलान?"

बाकी बहुतेक संवाद मल्याळम आणि खाली इंग्रजी अक्षरं. मी कानात मराठी करून सांगत होते, तर मागून दोनदा 'शूऽ' झालं. त्यांचंही खरंच. मग मी निम्मं गाळायला लागले, त्या पोस्टमनसारखी. छाया कदमांची पार्वती चाळीतल्या खोलीचा कागद नावावर नाही म्हणून बिल्डरपुढे हरते आणि रत्नागिरीकडच्या आपल्या गावी निघते, तिथे मात्र आई पदर सावरून ताठ बसली.

ज्या सिनेमातली बाई कोकणात परतते, त्याची सबटायटल्स कोकणातल्या बायकांना वाचता येऊ नयेत? अक्षरं झरझर जातात हे मान्य, आईला सगळी पुरणार नाहीत. पण अर्धी पुरली तरी ती तिची तिने वाचलेली असतील. वितरकांनी किमान महाराष्ट्रातल्या प्रतींवर आणि ओटीटीवर तरी मराठीचा पर्याय द्यावा. तालुक्याच्या गावी फिल्म सोसायटी, वाचनालयं असे खेळ लावू शकतात; आमच्याकडच्या एका थिएटरवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, गाणी किती आहेत?"

आई तुमचा अंक भिंग धरून वाचते. पत्र छापलंत तर टाइप जरा मोठा ठेवावा.

— एक निवृत्त शिक्षिका, देवरुख