आभार : न संपणाऱ्या त्या लूपबद्दल

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

चतुर्थीच्या ऐन धावपळीत, घरी माटोळी बांधायची राहिलेली असताना, आपण फोंड्याला येऊन आमच्या अडलेल्या बेंचमार्कसाठी, म्हणजे वेग मोजण्याच्या चाचणी-प्रोग्रामसाठी, वेळ दिलात, त्याबद्दल हे जाहीर आभारपत्र.

कंपायलरची (कोडचे यंत्रसूचनांत रूपांतर करणाऱ्या साधनाची) आवृत्ती बदलताच, वर्षानुवर्षे बिनतक्रार चालणारा आमचा सी प्रोग्राम ऑप्टिमायझेशनच्या, म्हणजे वेगासाठी कंपायलरने कोड बदलण्याच्या, ओ-टू पातळीवर सुरू होई आणि संपतच नसे. ऑप्टिमायझेशन बंद केले की तोच प्रोग्राम अचूक उत्तर देई. साहजिकच दोष कंपायलरवर टाकून जुन्या आवृत्तीकडे परतण्याचे जवळजवळ ठरले होते. आपण मात्र आधी असेंब्ली, म्हणजे कंपायलरने तयार केलेल्या यंत्रसूचनांचे वाचता येणारे रूप, उघडायला लावलीत. लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाच्या, शेवटी निर्देशांकाची १६ शी तुलना करणारी सूचनाच तिथे नव्हती. होती ती फक्त मागे नेणारी उडी.

त्यानंतरचे आपले विवेचन मला अजून जसेच्या तसे आठवते. ॲरेची, म्हणजे क्रमांकित घरांच्या रांगेची, घरे शून्य ते १५. पण लूप निर्देशांक (घराचा क्रमांक) वाढवून पुढचे घर आधी वाचतो आणि अट मागाहून तपासतो, म्हणजे शेवटी तो अस्तित्वातच नसलेले १६ क्रमांकाचे घर वाचतो. सी भाषेच्या मानकानुसार अशा वाचनानंतर कशाचीच हमी उरत नसल्यामुळे, ते कधी घडणारच नाही असे कंपायलर धरून चालतो, त्यावरून निर्देशांक १५ च्या पुढे जात नाही असे ठरवतो आणि ‘१६ पेक्षा कमी’ ही अट सदैव खरी म्हणून काढून टाकतो. २०१३ च्या जीसीसी ४.८ या कंपायलरमध्ये, स्पेक सीपीयू २००६ या बेंचमार्क-संचातला एच२६४रेफ हा प्रोग्राम याच रचनेच्या लूपमुळे अडकत असे, आणि त्या आवृत्तीच्या बदलनोंदींत त्याचा नावानिशी उल्लेख आहे, हेही आपणच दाखवलेत.

आक्रमक लूप ऑप्टिमायझेशन बंद करणारा पर्याय देऊन आमचे काम त्याच दुपारी भागले असते. स्पेकचा मूळ कोड बदलता येत नाही, तिथे तो पर्याय रास्त; आपला कोड आपल्या हातात असताना तो दुरुस्तच करावा, हा आपला आग्रह मला फार मोलाचा वाटतो. वाचन अटीनंतर नेल्यावर दोन्ही आवृत्त्यांचे उत्तर जुळले.

आपल्या सूचनेनुसार आता बाकीचे प्रोग्रामही सॅनिटायझरखाली, म्हणजे अशा चुका प्रोग्राम चालतानाच पकडणाऱ्या साधनाखाली, चालवत आहोत. त्यांतल्या एकात असेच मर्यादेबाहेरचे वाचन सापडले आहे. त्याची असेंब्ली घेऊन दिवाळीनंतर आपल्याकडे यावे म्हणतो, परवानगी असावी.

आपला कृतज्ञ विद्यार्थी