सांताक्रूझ बेटावरच्या आमच्या गाईडदादांना

दादा,

गालापागोस बेटांवरून परत येऊन बरेच दिवस झाले, तरी तुमचा विषय निघाला की माझा गळा दाटतो. हे पत्र माझी लेक स्पॅनिशमध्ये करून तुम्हाला पाठवेल.

काचबिंदूने आईची नजर जवळजवळ गेली आहे. ‘त्यांना दिसतच नाही, मग एवढा खर्च कशाला?’ असं आमच्या टूरवाल्याने तिच्या तोंडावर विचारलं होतं. तुमच्या आधीच्या गाईडने तर ग्रुपला उशीर होईल म्हणून तिला बसमध्येच बसवून ठेवलं. ती काही बोलली नाही, पण मला ते फार लागलं.

सांताक्रूझच्या डोंगराळ भागात, भुरभुर पावसात, तुम्ही तिचा हात धरलात आणि आम्हा सगळ्यांना गप्प उभं केलंत. समोर ते महाकाय कासव चरत होतं. दोन मीटरच्या आत जायचं नाही, हा नियम तुम्ही तिच्यासाठीही मोडला नाहीत. पण आईला ऐकू आलं! गवत तोडल्याची कचकच, आणि कुणीतरी हललं तेव्हा मान आत ओढताना त्याने सोडलेला मोठा फूत्कार.

मग तुम्ही तिला पाहुण्यांसाठी ठेवलेल्या रिकाम्या कवचाशी नेलंत. ओल्या जमिनीवर गुडघे टेकलेत, तिची बोटं वरच्या वळ्यांवरून फिरवलीत आणि हळूच आतल्या बाजूला नेलीत. ‘अगं, हा तर पाठीचा कणा!’ आई ओरडलीच. कासवाचा कणा आणि बरगड्या कवचाला जोडलेल्याच असतात, हे मलाही तेव्हाच कळलं.

तिचा हात तिथेच असताना तुम्ही सांगत होतात: अन्नपाण्याशिवाय महिनोन्‌महिने जगतात म्हणून खलाशांनी ही कासवं जिवंतच जहाजांत भरून नेली, मागे सोडलेल्या शेळ्यांनी त्यांचा चारा संपवला. पिंटा बेटाच्या जातीचं शेवटचं कासव, जॉर्ज, २०१२ मध्ये गेलं. एस्पानोला बेटावर मात्र फक्त १४ उरली होती. सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातून त्याच जातीच्या दिएगो नावाच्या नर कासवाला आणलं, पिल्लं वाढवून बेटावर सोडली, आणि २०२० मध्ये दिएगोही तिथे परतला. ‘चौदांवरून?’ आईने दोनदा विचारलं. तुम्ही दोन्ही वेळा तितक्याच मायेने उत्तर दिलंत.

चांगुलपणा मी पुष्कळ पाहिलाय, पण कीव न करता केलेला फार कमी. आईला तुम्ही इतरांसारखीच पाहुणी मानलंत. त्यासाठी तुमचे किती आभार मानू?

माझी मैत्रीण तिच्या सासऱ्यांना घेऊन तिकडे येणार आहे. त्यांनाही नीट दिसत नाही. तिला तुमचंच नाव देऊन ठेवलंय.