वैशू, सईला घेऊन ये की बेळगावला

टिळकवाडी, बेळगाव
फेब्रुवारी अखेर

प्रिय वैशू,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू पुणं सोडून बेळगावला परत यायचं सगळं बोललीस. नोकरीचं, काकूंच्या गुडघ्यांचं, इथल्या अनगोळच्या घराच्या डागडुजीचं. आणि फोन ठेवता ठेवता हळूच विचारलंस, "सईचं गाणं सुटेल का गं?" त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येईना, म्हणून लिहायला बसले.

पुण्यात आठवड्याला चार मैफली, प्रदर्शनं, नाटकं. तेवढं इथे नाही. हा फरक तुला जाणवणार, सईलाही जाणवेल. पण मला मनापासून वाटतं की सईसारख्या दहा वर्षांच्या पोरीला ऐकायला शंभर कार्यक्रम असण्यापेक्षा तिला स्वतःला गायला चार जागा मिळणं जास्त महत्त्वाचं. आणि त्या जागा आपल्याकडे अजून आहेत. गल्लीत आहेत, देवळात आहेत, खेड्यातल्या मांडवात आहेत. हे शिक्षण क्लासची फी भरून मिळत नाही, आणि क्लास नसेल तर तेही होत नाही. दोन्ही एकमेकांच्या आधाराने चालतं, एवढंच मला या पत्रात तुला पटवायचं आहे.

आधी गाण्याचं. मी ज्या बाईंकडे जाते त्यांचा क्लास शहापुरात, एका जुन्या घराच्या माडीवर. चटया अंथरलेल्या, पेटी मधोमध, खरा तानपुरा खोळ घालून कोपऱ्यात आणि रोजच्याला इलेक्ट्रॉनिक तानपुरा. वर पत्रे आहेत. आपला जुलैचा पाऊस सुरू झाला की पत्र्यावर असा काही कोसळतो की शेजारी बसलेल्याचा सूर ऐकू येत नाही. तेव्हा बाई पेटी मिटतात आणि सगळ्यांना तालाला बसवतात. तीनताल हातावर, टाळी-खाली दाखवत, मग दुगुन, म्हणजे तेच दुप्पट लयीत. पोरं पावसावर ओरडून बोल म्हणतात, "धा धिं धिं धा!" आमच्या क्लासची मुलं लयीला पक्की आहेत ती त्या पावसामुळे, असं बाई म्हणतात आणि मला ते खरं वाटतं.

त्याच माडीवर तुकोबांचा अभंग झाला की पाठोपाठ कन्नडमधलं बसवण्णांचं वचन होतं किंवा पुरंदरदासांचं पद. निम्मी मुलं घरी मराठी बोलतात, निम्मी कन्नड. गाताना कोण कुठलं ते कळत नाही. तू सईच्या कन्नडची काळजी करत होतीस ना? इथे शाळेत तिला कन्नड शिकावंच लागेल, त्यातून सुटका नाही. पण वर्गात अक्षरं गिरवण्याआधी तिच्या तोंडात दोन वचनं बसलेली असतील तर तिला ती भाषा परकी वाटणार नाही. आमच्या शेजारची मुलगी अशीच आली होती कोल्हापूरहून, आता शाळेच्या गॅदरिंगला कन्नड भावगीत म्हणते.

आणि हे आपल्या मातीतच आहे गं. कुमार गंधर्व जन्मले ते इथल्या सुळेभावीत, 1924 साली, शिवपुत्र कोमकली म्हणून. अण्णासाहेब किर्लोस्करांचं गुर्लहोसूर आपल्याच जिल्ह्यातलं. संगीत नाटक ज्यांनी मराठीत उभं केलं ते कन्नड मुलखात जन्मलेले, आणि ज्यांनी माळव्यात जाऊन कबीर गायला ते लिंगायत घरातले. सईला इथे आणताना तू तिला मोठ्या जागेतून लहान जागेत आणते आहेस असं मनात आणू नकोस.

क्लास निवडताना काय बघायचं तेही सांगते. सगळीकडे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आहेत. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, वर्षातून दोन सत्रं. परीक्षा वाईट नाही, मुलांना शिस्त लागते, आलाप-तान पाठ होतात. पण काही ठिकाणी फक्त तेवढंच चालतं. एका नावाजलेल्या क्लासमध्ये मी माझ्या भाचीला घातलं होतं. पहिल्या दिवसापासून पेपरची तयारी, राग माहीत असो नसो त्याची माहिती पाठ, आणि दोन वर्षांत ती पोर एकदाही चारचौघांत गायली नाही. प्रमाणपत्र आलं, आणि तिने गाणं सोडलं. माझ्या जिवाला ते फार लागलं. म्हणून तू कुठेही चौकशीला गेलीस की फी आणि वेळ विचारण्याआधी विचार, "तुमची मुलं वर्षात कुठे कुठे गातात?" उत्तर देताना बाईंचा किंवा सरांचा चेहरा उजळला तर तिथे घाल. आणि घराजवळ घाल. अनगोळहून कॅम्पात रोज नेणं-आणणं म्हणजे तुझा जीव जाईल, रेल्वे गेटला अडकलीस की संपलंच.

आता गल्लीचं वर्ष. तू दहावीनंतर गेलीस, त्यामुळे तुझ्या डोळ्यांसमोर जुनंच असेल. गणपती तसाच आहे, 1905 साली टिळकांच्या पुढाकाराने झेंडा चौकात सुरू झाला तो वाढतच गेला. पण आवाज आता फार वाढलाय. डीजेपुढे मुलांचं गाणं टिकत नाही, म्हणून आमच्या गल्लीने पाचव्या दिवसाची संध्याकाळ मुलांसाठी राखून ठेवलीय. त्या दिवशी स्पीकरवर फक्त मुलं. त्यासाठी बैठकीत किती भांडण झालं ते तुला भेटल्यावर सांगते, पण झालं खरं.

शिवजयंतीचं मात्र मला लिहायचंच आहे, कारण तिथे मी मुलांना कला शिकताना पाहिलंय. आपल्याकडे ती तिथीने, वैशाख शुद्ध द्वितीयेला, म्हणजे ऐन सुट्टीत. आणि मग चित्ररथांची मिरवणूक. महिनाभर आधी गल्लीच्या मंडळात ठरतं यंदा कोणता जिवंत देखावा. आग्र्याहून सुटका, अफझलखान, पावनखिंड. मागच्या वेळी आमच्या पोरांनी पावनखिंड घेतली. ट्रॉलीवर बांबू-तट्ट्याचे डोंगर, त्यावर गोणपाट आणि रंग, मागे जनरेटर. बाजीप्रभू झालेला मुलगा दिवसा गॅरेजमध्ये काम करतो. त्याच्या दंडाला जखमा रंगवायला चित्रकलेचे सर आले होते. त्यांनी तांबडा रंग थेट लावला नाही. आधी गडद तपकिरी, मग कडेला जांभळट, मग मध्ये लाल आणि वर थोडं ग्लिसरीन. "लांबून, दिव्याच्या उजेडात दिसलं पाहिजे, आणि पहाटेपर्यंत टिकलं पाहिजे," असं सांगत सांगत ते लावत होते आणि सातवी-आठवीची पाच-सहा पोरं भोवती उकिडवी बसून बघत होती. पोवाडा आमच्या क्लासच्या मुलींनी म्हटला, स्टुडिओत जाऊन रेकॉर्ड केला. मग नरगुंदकर भावे चौकापासून रात्रभर तोच प्रवेश चौकाचौकांत. रामलिंग खिंड गल्लीत पोचलो तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली, तरी गच्च्यांवर आणि पायऱ्यांवर बायका-मुलं बसलेली, आणि बाजी पडला की सगळे शहारून उभे. वैशू, अशी माणसं समोर असताना ज्या मुलाने एकदा उभं राहून बघितलं, त्याला स्टेजची भीती राहत नाही.

दिवाळीचे किल्ले तर सई स्वतःहूनच करील. इथे दसऱ्याची सुट्टी मोठी आणि दिवाळीची जेमतेम, तेव्हा पोरं शाळा सुटल्यावर अंधार पडेपर्यंत माती कालवत बसतात. आपली तांबडी माती किल्ल्याला फार छान लागते.

थंडीत खेड्यांतली साहित्य संमेलनं. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी, बेळगुंदी. हे तू पाहिलेलंच नाहीस फारसं, आणि मला वाटतं आपल्या भागातलं सगळ्यात सुंदर काही असेल तर हे. 1946 साली बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन झालं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, ते आपल्या आजोबांच्या पिढीचं. पण साहित्याला आपलं घरचं कार्य मानायची सवय गावांनी तिथून पुढे सोडली नाही. सकाळी ग्रंथदिंडी निघते. पालखीत ज्ञानेश्वरी, गाथा, पुढे शाळेची लेझीम, डोक्यावर कलश घेतलेल्या बायका, वारकऱ्यांचे टाळ. शेतावरची माणसं सुगी आटपून स्वच्छ कपड्यांत मांडवात येऊन बसतात आणि अध्यक्षांचं भाषण शेवटपर्यंत ऐकतात. दुपारी सगळ्या गावाचं एकत्र जेवण, मग कथाकथन, मग कविसंमेलन. आमच्या क्लासच्या मुली यंदा एका संमेलनात ईशस्तवन आणि स्वागतगीत म्हणायला गेल्या होत्या. माइक जरा दगा देत होता. एक म्हातारे गृहस्थ पुढच्या रांगेतून उठले, मुलींना म्हणाले, "माइक राहू दे, आम्ही गप्प बसतो, तुम्ही गावा." आणि खरंच, तेवढा मोठा मांडव गप्प झाला. मुलींचा आवाज शेवटच्या खांबापर्यंत गेला.

सई इंग्रजी माध्यमात जाईल, तुमचं ठरलंच आहे. इथल्या मराठी शाळांचा पट घटत चाललाय, त्याचं दुःख मी तुला काय सांगू. त्यामुळे तिचं मराठी वाचणं, लिहिणं, कविता कानावर पडणं या सगळ्याला घर सोडलं तर हे मांडव आणि वाचनालयं एवढंच राहतं. इंदिरा संत इथेच राहिल्या, इथेच लिहीत राहिल्या. पु. ल. आपल्या आरपीडीत, म्हणजे राणी पार्वतीदेवी कॉलेजात, शिकवायला होते. पण नावं सांगून मुलांना भाषा येत नाही. तिला त्या मांडवात बसवावं लागतं, आणि कधीतरी तिच्या हातात माइक द्यावा लागतो.

चित्रकलेचं थोडक्यात. के. बी. कुलकर्णी सरांनी या गावात चित्रकारांच्या पिढ्या घडवल्या, रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी. वरेरकर नाट्यसंघात सरांच्या नावाचं कलादालन आहे, तुझ्या घरापासून फार लांब नाही. प्रदर्शन लागलं की मी कळवीन, सईला नक्की ने. तिला माती आवडते म्हणालीस. खानापूरला कुंभारकामाची केंद्रीय संस्था आहे, एखाद्या शनिवारी दोघी मिळून तिला चाक फिरताना दाखवून आणू. आणि श्रावणात कुठल्याही मूर्तिकाराच्या शेडवर गेलीस तर ते मुलांना हाकलत नाहीत, उलट एखादा शाडूचा गोळा हातात देतात.

आता तुझ्याबद्दल. वैशू, हे सगळं आपोआप चालत नाही. नाट्यगृहाचं भाडं परवडत नाही म्हणून मागच्या वर्षी मुलांची एकांकिका एका मंगल कार्यालयात, दोन लग्नांच्या मधल्या दिवशी करावी लागली. तालमीला जागा नाही. मुलं आहेत, शिकवणारे आहेत, पण तालीम घेणारी, उच्चार घासून घेणारी, वेळेवर हजर राहणारी मोठी माणसं कमी पडतात. जी होती ती पुण्याला आणि बेंगळुरूला गेली. तुझ्यासारखीच. मी तक्रार म्हणून लिहीत नाही, पोटामागे जावं लागतं हे मलाही कळतं. पण आता तू परत येते आहेस, तर नुसती सईला क्लासला सोडून गाडीत बसून राहू नकोस. शाळेत तू वाचून दाखवायचीस तेव्हा अख्खा वर्ग खाली मान घालून ऐकायचा, ते मला आठवतं. यंदाच्या देखाव्याचे संवाद आमच्या पोरांकडून तू बसवून घे. त्यांचा "ण" आणि "न" एक होतो, "श" जागेवर राहत नाही, आणि मंडळातल्या कुणाला ते ऐकूही येत नाही.

तुमचं जूनमध्ये यायचं ठरलंय, पण इथल्या शाळा मेअखेरीलाच भरतात, तेव्हा सईला तरी आधी यावं लागेल. मला वाटतं तू एप्रिलमध्येच पंधरा दिवस काढून ये. काकूंनाही बरं वाटेल, घराची रंगरंगोटी तुझ्या डोळ्यांदेखत होईल, सईला दोन-तीन क्लासमध्ये नुसती बसवून बघू, कुठे रमते ते कळेल. मंडळाची पहिली बैठक गुढीपाडव्यानंतरच्या रविवारी संध्याकाळी, मारुतीच्या देवळात आहे. तिथे मी तुझं नाव सांगू का, एवढं या आठवड्यात कळव. संवादांची वही झेरॉक्स करून कुरिअरने पाठवून देते, म्हणजे येताना वाचून येशील.

काकूंना नमस्कार सांग, सईला आशीर्वाद. भाऊजींना म्हणावं, बेळगावची मिठाई, कुंदा, ताजाच मिळतो अजून, काळजी नसावी.

तुझीच,
शमा