सिंहगडावर जायचे तर आतकरवाडीतून

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पाऊस सुरू झाला की वर्षासहलींच्या पुरवण्या निघतात आणि सिंहगडापुढे हमखास लिहिलेले असते, 'गाडी थेट वरपर्यंत जाते.' अशी माहिती वाचून निघालेल्या गाड्यांनी पावसाळ्यातल्या रविवारी घाट ठप्प होतो. आपल्या पुरवणीत गडाच्या पायथ्याच्या आतकरवाडीतून वर जाणारी पायवाट ठळकपणे छापावी, ही विनंती.

गडाच्या पुणे दरवाज्याखालचा वाहनतळ लहान आहे, तो सकाळीच भरतो. मग मागच्या गाड्या चढावर, अगदी वळणांवरही कडेला लागतात आणि उरलेल्या रस्त्यातून चढणारी व उतरणारी चारचाकी एकमेकींना पार होत नाहीत. मधल्या फटीत दुचाक्या शिरल्या की मागे सरकायलाही जागा राहत नाही. हाफ क्लचवर गाडी धरून ठेवली की क्लचप्लेट जळते, आणि अशी एक गाडी बंद पडली की मागची सगळी रांग अडकते. ही रांग उभी असते ती कापलेल्या डोंगराखाली! कातळाच्या भेगांत मुरलेले पाणी मुरूम सैल करते आणि दगड सुटतात. पाऊस उघडल्यावरही सुटतात. मे २०२२ मध्ये खासगी वाहने खाली ठेवून ई-बसने लोकांना वर नेण्याचा प्रयोग झाला, पण त्याच महिन्यात तो गुंडाळला गेला. पुरेशा बस घेऊन तो पुन्हा व्हायलाच हवा.

तोवर पायवाट आहे. ५० क्रमांकाची बस स्वारगेटवरून थेट सिंहगड पायथ्याला येते. स्वतःची गाडी असेल तर खडकवासल्यानंतर डोणजे फाट्याला वळावे (सरळ रस्ता पानशेतचा) आणि पुढे गोळेवाडीला घाटाच्या नाक्याकडे न जाता आतकरवाडी गाठावी. तिथून पुणे दरवाजा सुमारे पावणेतीन किलोमीटर, पण चढ सहाशे मीटरच्या आसपास. सवय नसेल तर दीड ते दोन तास धरावेत. सहा-साडेसहाला चालायला लागलात तर गर्दीच्या आत वर पोहोचता. माणशी लिटरभर पाणी पुरते.

माणसे पडतात ती बहुधा उतरताना. ओला मुरूम आणि शेवाळलेला कातळ यांवर गुळगुळीत तळाचे बूट टिकत नाहीत. खोल नक्षीचा तळ हवा. पाऊल थोडे आडवे टाकावे, गुडघे किंचित वाकवलेले ठेवावेत. नागमोडी वाट सोडून सरळ खाली सुटणाऱ्या घळी जवळच्या वाटतात, पण पावसात त्यांचेच ओढे होतात. शिवाय त्या तुडवल्याने माती धुपते आणि मूळ वाटही खचते.

वाटेत घेरा सिंहगडातल्या वाड्यांची माणसे लिंबू सरबत, काकडी, ताक घेऊन बसलेली असतात. यांतल्या कित्येक बायका दह्याच्या मडक्यांची पाटी डोक्यावर घेऊन हाच चढ चढतात. पिठलं-भाकरी, दही त्यांच्याकडूनच घ्यावे, घासाघीस करू नये. आणि रिकामे मडके त्यांच्याच हाती परत द्यावे. झुडपात भिरकावलेल्या मडक्याच्या खापऱ्या चिखलाखाली दडतात आणि पायात घुसतात.

वर देवटाके, तानाजी मालुसरे यांचे स्मारक, राजाराम महाराजांची समाधी आणि कल्याण दरवाजा एवढे नीट पाहायला दोन तास लागतात. धुके नसेल तर झुंजार बुरुजावरून राजगड आणि तोरणा दिसतात. धुके असेल तर कड्यांच्या कडेला जाऊच नये, कारण ओल्या गवताखाली कडा नेमकी कुठे संपते ते कळत नाही.

परतताना दुपारी एकच्या आत खडकवासला ओलांडावे. नंतर धरणालगतच्या चौपाटीवर दुतर्फा गाड्या लागतात आणि थेट पुण्याकडे रांग लागते. अतिवृष्टीत दरडीच्या भीतीने घाट बंद ठेवला जातो. ती सूचना आणि ५० क्रमांकाच्या बसच्या वेळा दर शनिवारी पहिल्या पानावर छोट्या चौकटीत द्याव्यात.

आपला,
सिंहगडाच्या वाटेवरचा एक नियमित वाचक, पुणे