जीन टेस्टची बातमी छापताना एवढं विचारा

संपादक साहेब, नमस्कार.

परवा आरोग्याच्या पानावर फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये जीन बघून केमो ठरवणार अशी बातमी वाचली, माझ्या बाबांना दोन वर्षांपूर्वी हाच कॅन्सर निघाला तेव्हा आमच्या पण हातात अशाच एका टेस्टचं पॅम्प्लेट कुणीतरी ठेवलं होतं म्हणून लिहितोय.

बातमीत दोन टेस्टची सरमिसळ झालीये. ईजीएफआर टेस्टमध्ये त्या नावाच्या जीनमध्ये बदल झालाय का ते बघतात, झाला असेल तर गेफिटिनिबसारखी गोळी लागू पडते आणि हे पक्कं आहे, आपल्या टाटा मेमोरियलच्याच ३५० पेशंटच्या ट्रायलमध्ये गोळीसोबत केमो दिली तर आजार आटोक्यात राहायचा काळ ८ महिन्यांवरून १६ वर गेला, २०२० ला ते छापून आलंय. बाबांना पण गोळीच चालू झाली. जीन एक्स्प्रेशनची टेस्ट वेगळी, तिथे हजारो जीन्सपैकी कुठलं किती जोरात काम करतंय ते एकदम मोजतात आणि त्या आकड्यांच्या ढिगातून कॉम्प्युटरने पॅटर्न काढतात. त्यात ताकद खूप आहे, पण चूक झाली तर सहज दिसत नाही.

अमेरिकेत ड्यूक युनिव्हर्सिटीत हेच झालं. अनिल पोट्टी आणि त्यांच्या टीमने २००६ मध्ये पेपर काढला की एक्स्प्रेशन बघून कुठली केमो चालेल ते सांगता येतं, त्या जोरावर २००७ पासून खऱ्या पेशंटवर ट्रायल सुरू झाल्या, त्यात फुफ्फुसाच्या कॅन्सरचे पण होते. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर हॉस्पिटलमधले कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स तेच आकडे परत काढायला बसले तर जुळेनातच. जीन्सची यादी एका ओळीने घसरलेली, म्हणजे एका जीनचे आकडे शेजारच्या जीनच्या नावावर! काही औषधांत तर औषध लागू पडणाऱ्या लॅबमधल्या पेशी न पडणाऱ्यांच्या खात्यात, म्हणजे पेशंटला नेमकी न चालणारी केमो मिळायची भीती. २००९ ला त्यांनी हे सगळं छापलं, तरी थांबवलेल्या ट्रायल ड्यूकने परत चालू केल्या आणि कायमच्या बंद व्हायला २०१० चं साल संपत आलं. फुफ्फुसाच्या कॅन्सरवरचा पोट्टींच्या टीमचा २००६ चाच दुसरा पेपर २०११ ला मागे घेतला. त्या पेशंटनी विश्वासाने सह्या केल्या असतील, ह्याचा मला फार त्रास होतो.

म्हणून विनंती आहे, अशी बातमी देताना टेस्टवाल्यांना विचारा की तुमचा कच्चा डेटा बाहेरच्या कुणी तपासून तेच उत्तर आलंय का, आणि दुसऱ्या हॉस्पिटलच्या पेशंटवर टेस्ट खरी ठरलीये का. उत्तर नाही मिळालं तर तेही छापा, असल्या बातम्या वाचून घरातली माणसं एफडी मोडतात हो.

आपला एक वाचक, सातारा